गाठ यकृतात पोहोचली तरी

मोठ्या आतड्यातलं बहुतेक रक्त आधी यकृताकडे जातं. म्हणूनच तिथल्या कर्करोगाच्या पेशी पुष्कळदा यकृतातच जाऊन रुजतात. रिपोर्टमध्ये हे दिसलं, की घरचे हातपाय गाळतात. पण दरवेळी सगळं संपलेलं नसतं. निरोगी यकृताचा बराच भाग काढला, तरी उरलेला भाग वाढून काम सांभाळतो. शस्त्रक्रियेला आधार आहे तो याचाच.

पूर्वी त्यासाठी पोटावर मोठा छेद घ्यावा लागे. आता निवडक रुग्णांची गाठ दुर्बिणीतून, लहान छिद्रांतून काढता येते. नॉर्वेत ऑस्लो विद्यापीठ रुग्णालयाने २८० रुग्णांमध्ये दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. मोठ्या छेदानंतर ३१ टक्के रुग्णांना त्रास उद्भवला, दुर्बिणीनंतर १९ टक्के. रुग्णालयातला मुक्कामही चार दिवसांवरून सव्वादोन दिवसांवर आला. आणि आयुर्मान? दोन्हीकडे जवळजवळ सारखंच! मला यातच मोठा दिलासा वाटतो.

तीन सेंटिमीटरपर्यंतच्या मोजक्या गाठी तर सुईने उष्णता देऊन जाळताही येतात.

तेव्हा घरात कुणाला असं निदान झालं, तर स्कॅन घेऊन यकृताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाला एकदा जरूर दाखवा.