डोळा फुटला तर सकाळ उजाडायची वाट बघू नका
(मोडनिंब येथे महिला बचत गटांच्या मासिक सभेत केलेले भाषण)



ऊसतोड सुरू झाली, ज्वारीची काढणीही पुढं आहे. उसाचं पान, धसकट, बाभळीचा काटा, तुटलेली तार, विळ्याचं टोक यातलं काहीही डोळ्यात जाऊ शकतं. घरात तंबाखूच्या चुन्याची पुडी असतेच, आणि ती पोरांच्या हाती लागते.

चुना किंवा फवारणीचं औषध डोळ्यात उडालं तर आधी पाणी. पापण्या उघड्या धरून स्वच्छ साध्या पाण्यानं अर्धा तास धुवा, मगच गाडी शोधा.

पण काटा रुतला, डोळा चिरला, तर उलटं करायचं. धुवायचं नाही, चोळायचं नाही, रुतलेलं ओढून काढायचं नाही. तूप, मध, अंगावरचं दूध, मेडिकलमधले थेंब, काही घालायचं नाही. कागदी कप उलटा ठेवून वरून चिकटपट्टी लावा, डोळ्यावर दाब पडता कामा नये. भूल द्यावी लागते, म्हणून काही खायला-प्यायला देऊ नका. १०८ ला फोन करा. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये डोळ्यांचा विभाग आहे.

तिथं काय करतात? चिरलेला डोळा केसाहून बारीक दोऱ्यानं, दुर्बिणीखाली शिवतात. भिंग फुटलं असेल तर ते काढतात, पुढं नवं बसवतात. आतला पडदा सुटला तर त्याचं वेगळं ऑपरेशन असतं. एका टाक्यात काम होत नाही, दोन-तीन फेऱ्या लागतात. मधेच सोडू नका.

चुन्यानं जळालेल्या डोळ्यालाही आशा असते. ७ डिसेंबर १९०५ रोजी डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी चुन्यानं दोन्ही डोळे भाजलेल्या एका मजुरावर बुबुळाचा पडदा बदलण्याचं ऑपरेशन केलं. त्याच्या एका डोळ्याला पुन्हा दिसू लागलं. तो पडदा एका मुलाच्या, इजेमुळं काढाव्या लागलेल्या डोळ्यातला होता. आज तो नेत्रदानातून मिळतो. मरणानंतर सहा तासांच्या आत डोळे द्यावे लागतात, हे घरी सांगून ठेवा.

"एक डोळा गेला, दुसरा हाय की," असं आपण बायकाच स्वतःबद्दल म्हणतो. लुई ब्रेल तीन वर्षांचा असताना वडिलांच्या आरीनं त्याचा एकच डोळा फुटला होता. पण दुसराही गेला, आणि पाचव्या वर्षी तो पूर्ण आंधळा झाला. जखमी डोळ्याच्या उपचारात दुसऱ्या डोळ्याचीही राखण असते.

आता पैशाचं. रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्या, जनआरोग्य योजनेसाठी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. तरी गाडीभाडं आणि औषध हातचं लागतंच. म्हणून माझी एकच विनंती आहे. प्रत्येक गटानं आजच ठराव लिहावा, की डोळ्याच्या इजेला अंतर्गत कर्ज सभेची वाट न बघता, अध्यक्ष-सचिवांनी त्याच दिवशी द्यावं. मालक रानातून येईस्तोवर थांबायची पाळी कुणा बाईवर येऊ नये.