तुलना माणसांची नको, कायद्यांची करा



माझ्याआधी बोललेल्या एका वक्त्यांनी बजावून सांगितलं, की साहित्याच्या मांडवात सरकारची हिटलरशी तुलना नको. मी ती करणार आहे. आणि ज्यांच्या तोंडी ही तुलना ऊठसूट असते, त्यांच्याशीही मला भांडायचं आहे, कारण ती स्वस्त केली त्यांनीच. न आवडणारा मंत्री दिसला की हिटलर! समोरचा विचारतो, मग छळछावण्या कुठे आहेत? की वाद संपला. दोघांचीही नजर १९४५ वर असते. पाहायचं असतं १९३३ कडे.

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सलर झाला तो राष्ट्राध्यक्षांनी रीतसर नेमल्यामुळे. २७ फेब्रुवारीच्या रात्री जर्मन संसदेची इमारत पेटली आणि दुसऱ्याच दिवशी वटहुकूम निघाला. व्यक्तिस्वातंत्र्य, वृत्तपत्रं, सभा, संघटना, टपाल आणि टेलिफोनची गोपनीयता, घरझडतीपासूनचं संरक्षण, सगळं ‘पुढील आदेशापर्यंत’ स्थगित. तो पुढील आदेश बारा वर्षं निघाला नाही. हा वटहुकूम जर्मन राज्यघटनेच्या कलम ४८ खाली काढला होता, आणि माझा सगळा रोख त्या कलमावर आहे. ते नाझींनी लिहिलेलं नव्हतं. १९१९ साली वायमार प्रजासत्ताकाच्या घटनाकारांनी, लोकशाही मानणाऱ्या माणसांनी, प्रजासत्ताकाच्या रक्षणासाठी म्हणून ते लिहिलं. पहिले अध्यक्ष एबर्ट हे समाजवादी लोकशाहीवादी; त्यांनीही ते अनेकदा वापरलं. हिटलरच्या हाती हत्यार आलं ते परजलेलंच.

आता आपल्याकडे पाहा. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीवर सही झाली ती कलम ३५२ खाली, आणि त्यातले ‘अंतर्गत अशांतता’ हे शब्द मूळ घटनेतलेच. ज्या मिसाखाली, म्हणजे अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली, माणसं उचलली तो कायदा १९७१ चा, रीतसर निवडून आलेल्या संसदेने केलेला. पोलिसांना त्या रात्री नवं काही शिकावं लागलं नाही. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या नोंदीप्रमाणे मिसाखाली स्थानबद्ध झालेल्यांची संख्या ३४,००० च्या वर गेली. आपले मोहन धारिया आत गेले, मृणालताई गोरे आत गेल्या. मग २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला, की आणीबाणीत स्थानबद्धाला न्यायालयाचं दारही ठोठावता येणार नाही. विरोधात एकटे न्यायमूर्ती खन्ना. बहुमतात आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते, हे मराठी सभेत मोठ्याने सांगायला हवं.

फरक आहेच, आणि जो तो लपवतो तो खोटं बोलतो. मार्च १९७७ मध्ये आपल्याकडे निवडणूक झाली आणि पंतप्रधान स्वतः रायबरेलीत पडल्या. हिटलर जिवंत असेपर्यंत जर्मनांना अशी संधी पुन्हा मिळाली नाही.

राहिला प्रश्न लेखकांचा. १९३३ च्या वसंतात बर्लिनच्या प्रशियन कला अकादमीने आपल्या साहित्यिक सदस्यांकडून लेखी हमी मागितली, की सरकारविरुद्ध जाहीर काही करणार नाही. रिकार्डा हूख यांनी ती दिली नाही. वय ६८, इतिहासाच्या अभ्यासक, कादंबरीकार, स्वदेशाचा अभिमान बाळगणाऱ्या. त्यांना डावं म्हणायची सोय नव्हती. सरकार ज्याला राष्ट्रीय वृत्ती म्हणतं ती माझी जर्मनता नव्हे, असं कळवून त्या बाहेर पडल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात हिटलरशी निष्ठेची ग्वाही देणारं पत्रक ८८ लेखकांच्या नावांनिशी प्रसिद्ध झालं. एका बाजूला हूख, दुसऱ्या बाजूला ही यादी! आपल्याकडे १९७५ च्या कराड साहित्य संमेलनात स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, केंद्रातले मंत्री. त्यांच्यासमोर दुर्गाबाई भागवत लेखनस्वातंत्र्यावर बोलल्या आणि आजारी जयप्रकाश नारायणांसाठी त्यांनी सभेला प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. त्या कराडनंतर साहित्याच्या मांडवात राजकारण नको असं कोणी म्हणू कसं शकतं?

आणीबाणीनंतर आपण शहाणे झालो का? थोडे झालो. ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ काढून ‘सशस्त्र बंड’ घातलं, जगण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असं ठरवलं. पण त्याच दुरुस्तीत आणखी एक कलम होतं, तिसरं. सल्लागार मंडळाच्या मताशिवाय माणसाला तीन महिने डांबता येतं ते दोन महिन्यांवर आणणारं, आणि ते मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमायला लावणारं. संसदेने ते १९७८ मध्ये मंजूर केलं. ते अमलात यायला राजपत्रात फक्त एक अधिसूचना हवी. काँग्रेस आली, जनता दल आला, भाजप आला. ती अधिसूचना कोणी काढली नाही. उलट यूएपीए या १९६७ च्या बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायद्यात जामीन जवळजवळ अशक्य करणारी तरतूद २००८ साली काँग्रेसप्रणीत सरकारने घातली, आणि भाजपच्या राजवटीत ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी त्याच कायद्याखालचे कच्चे कैदी म्हणून जुलै २०२१ मध्ये मुंबईत वारले. तुमचा पक्ष कुठला हे मला सांगू नका. तुमच्या पक्षाने यातलं कुठलं हत्यार मोडलं, ते सांगा.

आणि आपल्या दारातलं? महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगाआधी परिनिरीक्षण मंडळापुढे ठेवण्याचा नियम आहे. १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’ला याच मंडळाशी झगडत उच्च न्यायालयात जावं लागलं. तेव्हा १९७५ ची आणीबाणी यायची होती.

म्हणून आज मी दोन मागण्यांचा एक ठराव मांडतो. ४४ व्या घटनादुरुस्तीचं तिसरं कलम केंद्राने ताबडतोब लागू करावं, आणि राज्याने नाटकांची पूर्वतपासणी बंद करावी. तो टाळ्यांनी मंजूर करू नका. बाजूने असाल तर हात वर करा. विरोधात असाल तर उभं राहून नाव सांगा. दोन्ही नोंदी इतिवृत्तात जातील.