फ्लॅट आपला, जमीन कोणाची?

(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



आज आनंदाचा दिवस. अशा दिवशी मी कागदपत्रांचं बोलणार, म्हणून आधीच माफी मागतो. पण बँकेत आयुष्यभर गहाणखतं तपासली, ती सवय काही जात नाही.

आपल्या प्रत्येकाकडे फ्लॅटचा नोंदणीकृत करारनामा आहे. इमारतीखालची जमीन मात्र पी. आर. कार्डावर अजून मूळ मालकाच्याच नावावर आहे. मोफा, म्हणजे १९६३ च्या कायद्याखालील नियमांप्रमाणे सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमिनीचं अभिहस्तांतरण करून द्यायला हवं. आपली पंचवीस वर्षं झाली!

लोक म्हणतात, "रजिस्ट्री झाली ना, मग भीती कसली?" रजिस्ट्रीने दस्ताची नोंद होते. विकणारा खरा मालक होता का, हे रजिस्ट्री ऑफिस ठरवत नाही. विकणाऱ्याकडे जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याकडे येतो. सातबारा आणि फेरफार महसुलासाठी असतात, त्यांनी मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे. नुसत्या मुखत्यारपत्रावर जमीन विकली जात नाही, हेही २०११ च्या सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट झालं.

मालकीचा वाद शेवटी दिवाणी कोर्टात जातो. तिथे दस्तांची साखळी बघतात. आपल्या मराठवाड्यात ही साखळी थेट निजामाच्या काळापर्यंत पोचते. उर्दूतले कागद, इनाम, कूळ, १९५४-५५ चं खासरा पत्रक, सगळं निघतं. अदालत रोडवर निकाल लागला की जालना रोडवर खंडपीठात अपील. दावा लावणारा आजोबा आणि निकाल ऐकणारा नातू, असं होतं.

आपल्यासाठी वाट आहे. २००८ पासून मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली. बिल्डर सही करत नसेल, तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. ते नोटीस काढून सुनावणी घेतात आणि प्रमाणपत्र देतात. मग दस्त नोंदवून पी. आर. कार्डावर सोसायटीचं नाव लागतं. एक मात्र ध्यानात ठेवा: जमिनीच्या मूळ मालकीत भांडण असेल, तर ते उपनिबंधक मिटवत नाहीत. त्यासाठी दिवाणी कोर्टच. म्हणून अर्जाआधी वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा.

पुढेमागे इमारत नव्याने बांधायची वेळ येईल. तेव्हा पहिला प्रश्न हाच निघेल, की जमीन कोणाची? त्या वेळी मूळ मालकाच्या वारसांच्या दारोदार फिरण्यापेक्षा आज उठलेलं बरं.

माझी विनंती एवढीच. येत्या सर्वसाधारण सभेत ठराव करा. प्रत्येकाने करारनामा, इंडेक्स टू आणि मुद्रांक शुल्काची पावती यांच्या प्रती सचिवांकडे द्या. मुलांनाही फाईल कुठे ठेवली आहे ते दाखवून ठेवा.