घरातील औषधांची नोंद : कागदावरून पडद्यावर



इंग्लंडात वृद्ध किंवा दुर्बल माणसास त्याच्या स्वतःच्या घरीच राहू देऊन, दिवसातून तीन-चार वेळा येणाऱ्या शुश्रूषकांकरवी त्याची निगा राखण्याची जी व्यवस्था आहे, तिच्यात औषधाची नोंद ही केवळ दफ्तरी बाब नव्हे. कारण सकाळी गोळी देणारा आणि रात्री देणारा यांची गाठ क्वचितच पडते, आणि एकाने काय केले हे दुसऱ्यास कळते ते त्या नोंदीवरूनच.

ही नोंद वर्षानुवर्षे 'मार चार्ट' नावाच्या कागदी तक्त्यावर होत आली. डावीकडे औषधांची नावे व मात्रा, वर तारखा, मधल्या चौकोनांत देणाऱ्याची आद्याक्षरे. रुग्णाने गोळी नाकारली अथवा तो रुग्णालयात असला, तर ठरलेले सांकेतिक अक्षर. हाडांच्या ठिसूळपणावरील ॲलेन्ड्रोनिक ॲसिडची गोळी आठवड्यातून एकदाच, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावयाची असते. म्हणून तिच्यापुढील उरलेले सहा चौकोन फुली मारून बंद करून ठेवण्याचा शिरस्ता पडला. घरी औषध घेण्यास केलेले साहाय्य प्रत्येक वेळी नोंदले गेले पाहिजे, असे 'नाइस' या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूत्रांत सांगितले ते योग्यच होते.

परंतु हा तक्ता बहुधा महिनाअखेर सेवासंस्थेच्या कचेरीत जातो आणि तेव्हा त्याची तपासणी होते. एखादा चौकोन रिकामा आढळला, तर गोळीच राहिली की सही राहिली याचा उलगडा तोवर कोणासच करता येत नाही. आणि गोळी राहिली असेल, तर तिची वेळ केव्हाच टळून गेलेली असते. हीच नोंद शुश्रूषकाने कागदाऐवजी आपल्या फोनवर केली, तर तिचा खरा लाभ येथे आहे. ठरलेल्या वेळी नोंद झाली नाही, तर त्याच दिवशी, दुरुस्तीस वाव असताना, कचेरीस इशारा जातो. पॅरासिटामॉलच्या दोन मात्रांत निदान चार तासांचे अंतर हवे. कागदावर नुसते 'रात्री' एवढेच लिहिलेले असते, तर पडद्यावर तास-मिनिट दिसते. कंपवाताच्या रुग्णाचे तर लेव्होडोपाची मात्रा लांबली की हातपाय आखडतात. त्याच्या दृष्टीने हा फरक दिवस सुसह्य होण्याचा की अंथरुणात काढण्याचा आहे.

ब्रिटिश सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये, निदान ८० टक्के सेवासंस्थांच्या शुश्रूषेच्या नोंदी मार्च २०२४ पर्यंत संगणकावर याव्यात, असे उद्दिष्ट जाहीर केले. अशा घाईत एक गोष्ट नजरेआड होऊ नये. डॉक्टरने दुपारी प्रतिजैविक लिहून दिले किंवा रक्ततपासणीनंतर वॉरफरिनची मात्रा बदलली, तर तो फेरफार यंत्रात कोणातरी माणसालाच करावा लागतो, आणि तेथे चूक झाली तर ती प्रत्येकाच्या फोनवर सारख्याच अधिकृत रूपात पोहोचते. म्हणून बदल करणारा एक आणि औषधाच्या खोक्यावरील चिठ्ठीशी तो ताडून पाहणारा दुसरा, ही तजवीज आधी हवी. त्याचप्रमाणे डोंगराळ भागात जेथे नेटवर्क नाही, तेथे नोंद फोनमध्येच टिकून मागाहून वर गेली पाहिजे.

माझा खरा आग्रह मात्र निराळ्या गोष्टीविषयी आहे. कागद त्या घरात होता, आणि म्हणून काही अंशी रुग्णाचाही होता. भेटीस आलेली लेक तो वाचू शकत असे. मध्यरात्री आलेल्या रुग्णवाहिकेतील माणसांच्या हाती तो पडत असे. आपल्याकडे पुण्या-मुंबईतही ब्यूरोतून आलेल्या मावशी वहीत लिहून ठेवतात, ते परगावचा मुलगा आल्यावर पहिल्याने पाहतो. नोंद परक्याच्या फोनमध्ये गेली की ज्याच्या देहाची ती नोंद, त्यालाच ती दिसेनाशी होते. तेव्हा नव्या पद्धतीचा करार करतानाच कुटुंबास व रुग्णास नोंद पाहण्याचा हक्क लेखी मिळाला पाहिजे, आणि चालू औषधांची तारीख घातलेली छापील यादी घरात ठेवून प्रत्येक बदलानंतर ती त्याच दिवशी पालटण्याचे काम संस्थेतील एका नेमक्या इसमावर सोपवले गेले पाहिजे.