लिलावातला खेळाडू आणि गावचा संघ

(शहापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त प्राध्यापकांनी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'कबड्डी' हा शब्द पाहून आपल्यापैकी काहींना तो छपाईचा दोष वाटला असेल. तो तसा नाही. आयुष्यभर मी अर्थशास्त्र शिकवले, कबड्डी मात्र फक्त पाहिली, आणि तीही बहुतेक मुरबाड-शहापूरच्या शिवारांत, भात कापून झाल्यावर सारवलेल्या खळ्यावर. असे असूनही श्रमाचे मोल कसे ठरते, हा प्रश्न या खेळात जितका उघडा दिसतो तितका तो मला क्रमिक पुस्तकांत क्वचितच दिसला.

आरंभ मोठ्या बाजारापासून करू. प्रो कबड्डी लीग २६ जुलै २०१४ रोजी सुरू झाली. (त्याच आठवड्यात आपल्या जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निराळा झाला, म्हणून ती तारीख माझ्या लक्षात राहिली.) पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमारला १२ लाख ८० हजार रुपये मिळाले होते. २०२३ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले. म्हणजे नऊ वर्षांत सुमारे वीसपट. त्या हंगामात प्रत्येक संघाला खेळाडूंवर ५ कोटी रुपये खर्च करण्याची मुभा होती. एका माणसावर त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम गेली आणि उरलेल्यात दीड डझन खेळाडू बसवावे लागले. पुढे काय झाले? बावीस सामन्यांपैकी दोन जिंकून हा संघ तळाला राहिला.

पवनचा खेळ खालावला होता असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. त्याच ऑक्टोबर महिन्यात, लिलावाच्या अवघ्या काही दिवस आधी, त्याच्याच नेतृत्वाखाली भारताने हांगझो येथील आशियाई स्पर्धेत इराणला हरवून सुवर्णपदक जिंकले होते. माणूस तोच, चढाईही तीच. बदलले होते ते त्याच्या मागे उभे राहणारे सहा जण.

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. २०२२ मध्ये तामिळ थलायवाजने त्याला २ कोटी २६ लाखांना घेतले, आणि पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून तो संपूर्ण हंगामाला मुकला. एवढा पैसा बाकावर बसल्यावर संघ कोसळायला हवा होता. उलट तो संघ आपल्या इतिहासात प्रथमच उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. नरेंदर कंडोलासारख्या तरुणाने चढायांचा भार उचलला आणि बचावफळीने त्याला साथ दिली.

हे असे का होते, ते समजण्यासाठी खेळाच्या नियमांकडे पाहावे लागेल. आपल्यातील बहुतेकांना ते माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहेत. मी केवळ त्यांचा अर्थशास्त्रीय अर्थ लावतो. चढाई एकट्याची असते, तीस सेकंदांची. तिच्यावर प्रकाशझोत असतो, आणि लिलावात बोलीही प्रामुख्याने तिच्यावर लागते. पकड मात्र एकट्याची नसते. कोपऱ्यातला गडी घोट्यावर झेपावला आणि शेजारच्याने त्याच क्षणी वाट बंद केली नाही, तर चढाईपटू एकाला घेऊन रेषेपलीकडे जातो. हा 'त्याच क्षणी' विकत मिळत नाही. तो दोन-दोन वर्षे एकमेकांचा हात धरून उभे राहिल्याने येतो.

दुसरा नियम संजीवनीचा. बाद झालेला गडी आपोआप परत येत नाही. आपल्या संघाने समोरचा एक गडी टिपला की आपला एक गडी जिवंत होतो. म्हणजे अडीच कोटींचा चढाईपटू बाद होऊन बाकावर बसला, की त्याला मैदानात परत आणण्याचे काम आठ-दहा लाखांच्या कोपरारक्षकाकडे येते. ताऱ्याची मैदानावरची मिनिटे ही ज्यांना तारा म्हणत नाहीत त्यांनी उत्पादित केलेली असतात. लिलावातील किमतीत हा हिशेब कोठे येतो?

१९७२ साली आर्मेन अल्चियन आणि हॅरॉल्ड डेम्सेट्झ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी नेमक्या या प्रश्नावर एक निबंध लिहिला. दोन हमाल मिळून एक जड पेटी ट्रकवर चढवतात. त्यांतील प्रत्येकाने किती चढवली हे पेटीकडे पाहून सांगता येत नाही. भिवंडीच्या गोदामांत काम केलेल्या साथींना यासाठी निबंधाची गरज नाही. त्या दोघा विद्वानांनी यावरून देखरेख करणाऱ्या मालकाचे समर्थन काढले. ते मला पटत नाही, परंतु त्यांचा प्रश्न अचूक होता.

अमेरिकेतल्या बेसबॉलचे एक उदाहरण देतो. त्या खेळात फलंदाज बराचसा एकटा असतो. तेथे तरी विकत घेतलेला तारा संघाला तारून न्यावा. डिसेंबर २००० मध्ये टेक्सास रेंजर्सने अलेक्स रॉड्रिग्ज या खेळाडूशी दहा वर्षांचा, २५ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. पुढील तिन्ही वर्षे आपल्या लीगमधले सर्वाधिक होमरन त्याने मारले, आणि तिन्ही वर्षे त्याचा संघ आपल्या गटात शेवटचा आला. गोलंदाजीची बाजू कच्ची राहिली होती.

मात्र याचा अर्थ कोणी असा घेऊ नये, की खेळाडूंना फार पैसा मिळतो आणि तो मिळू नये. ही मालकांची भाषा आहे. त्याच बेसबॉलमध्ये कित्येक दशके खेळाडू करार संपल्यावरही मालकाला बांधलेला राही. कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूने १९६९ साली दुसऱ्या संघाकडे परस्पर धाडले जाण्यास नकार दिला. तो न्यायालयात हरला, पण १९७५-७६ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने ती बेडी तोडली. पवन सेहरावतला अडीच कोटी मिळाले याचे मला दुःख नाही. त्याला परत मैदानात आणणाऱ्याच्या वाट्याला काय आले, एवढेच मी विचारतो.

माझ्या मांडणीच्या विरुद्ध जाणारा पुरावा लपवणे शिक्षकाला शोभत नाही, म्हणून तोही सांगतो. २०२३-२४ चा तो हंगाम पुणेरी पलटणने जिंकला. कर्णधार अस्लम इनामदार आपल्या महाराष्ट्राचा, आणि आदल्या वर्षी उपविजेते ठरलेले बरेचसे तरुण संघात कायम ठेवलेले. पण त्याच पलटणने इराणच्या मोहम्मदरझा शादलूईला २ कोटी ३५ लाखांना घेतले होते. पुढच्या वर्षी त्याला २ कोटी ७ लाखांना घेणाऱ्या हरियाणा स्टीलर्सनी विजेतेपद मिळवले. तेव्हा पैसा वाया जातोच असे नाही. मला जाणवलेला फरक इतकाच, की शादलूई मुख्यतः पकडीचा गडी आहे आणि तो उभ्या असलेल्या घरात आला. घराच्या जागी तुळई विकत आणून भागत नाही.

आता आपल्या मुलखाकडे येऊ, कारण खरी चिंता येथेच आहे.

काही वर्षांपूर्वी मुरबाड तालुक्यातील एका गावी रात्रीचे सामने पाहण्यास गेलो होतो. यजमान मंडळाने शहरातून तीन खेळाडू आणले होते. रात्रीचा दर ठरवून, गाडी पाठवून. पैसा जमिनीचे व्यवहार करणाऱ्या एका गृहस्थांचा. पहिल्या दोन फेऱ्या सहज निघाल्या. उपांत्य सामन्यात मात्र बाहेरचा मध्यरक्षक आणि गावचा कोपरारक्षक एकाच वेळी एकाच पायावर झेपावले, आणि लोण पडला. माझ्या शेजारी बसलेला मुलगा काहीच बोलला नाही. आसनगावच्या कारखान्यातली पाळी संपवून तो पावसाळाभर सरावाला येत होता, आणि ती मध्यरक्षकाची जागा त्याची होती. पुढच्या वर्षी त्या मंडळाच्या सरावाला मुले जमेनात, म्हणून आणखी दोन गडी बाहेरून आणले. (निवडणुकीच्या तोंडावर उमेदवार आयात करणाऱ्या पक्षांचे हे वर्णन नाही, ज्यांना तसे वाटले त्यांनी आपल्या जबाबदारीवर हसावे.)

क्रिकेटची तर याहून वाईट तऱ्हा. टेनिस चेंडूच्या 'प्रीमियर लीग' आता गावोगाव होतात. वीटभट्टीवाले, ठेकेदार, वाळूवाले 'संघमालक' होतात, मंडप टाकून खेळाडूंचा लिलाव पुकारला जातो, आणि शेवटी काही पोरे आपल्याच गावासमोर, आईबापांसमोर 'अनसोल्ड' राहतात. हा शब्द इंग्रजीतच उच्चारतात, तेवढीच दया. या दोन तालुक्यांतली कातकरी कुटुंबे आजही उचल घेऊन भट्ट्यांवर जातात. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. 'मालक' आणि 'बोली' हे शब्द येथे खेळातले उरत नाहीत. लिलाव लटका असतो, केवळ गुणांचा असतो, हे मला माहीत आहे. पण अठरा वर्षांच्या पोराला त्या रात्री ते लटके वाटत नाही.

म्हणून तीन सूचना चर्चेसाठी ठेवतो. आपले कार्यकर्ते ज्या मंडळांत आहेत, त्यांनी भरवलेल्या सामन्यांत सातांपैकी किमान पाच गडी त्या गावचे वा पाड्याचे असावेत. रोख बक्षीस सर्व बारा जणांत, राखीव गड्यांसह, समान वाटले जावे. आणि लिलाव बंद करून संघ चिठ्ठ्यांनी पाडावेत. पहिल्या अटीने स्पर्धेचा दर्जा घसरेल व प्रेक्षक तुटतील, असा आक्षेप मला कालच कळवण्यात आला आहे, आणि तो हलका नाही. बाहेरचा चांगला गडी पाहूनही आपली मुले शिकतात. त्या मंडळाचे दोन खेळाडू मागच्या रांगेत बसले आहेत. त्यांची कसारा लोकल साडेसहाची आहे, तेव्हा प्रथम त्यांना बोलू द्यावे.