नेहरूपर्व आणि कोल्हापूर : विरोधाला मिळालेला मान

(राजारामपुरी, कोल्हापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



राजारामपुरी ही आखून वसविलेली वसाहत आहे. छत्रपती राजाराम महाराजांचे नाव ती धारण करते आणि पहिली गल्ली, दुसरी गल्ली अशा क्रमाने तिचे रस्ते ओळखले जातात. ज्यांच्या कारकिर्दीशी हे नाव निगडित आहे, ते महाराज १९४० साली निवर्तले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. वसाहत मात्र वाढतच राहिली. राज्यकर्ता जातो, त्याने घालून दिलेली आखणी मागे राहते आणि त्या आखणीत पुढच्या पिढ्या आपापली घरे बांधतात. कोणत्याही दीर्घ कारकिर्दीचे मूल्यमापन करताना ही साधी गोष्ट ध्यानी घ्यावी लागते. सलग जवळजवळ सतरा वर्षे भारताचे पंतप्रधानपद भूषविणारे पंडित जवाहरलाल नेहरू आपल्यामागे कोणती आखणी ठेवून गेले, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

१५ ऑगस्ट १९४७ ते २७ मे १९६४ हा तो कालखंड. धरणे, पोलादाचे कारखाने, विज्ञानसंस्था, पंचवार्षिक योजना आणि अलिप्ततेचे परराष्ट्र धोरण यांचा उल्लेख या संदर्भात नेहमी होतो, आणि तो यथार्थ आहे. परंतु कोल्हापूरकराने या पर्वाकडे पाहताना एक वेगळा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. याचे कारण असे की, या जिल्ह्याने नेहरूंवर प्रेमही केले आणि त्यांना निकराने विरोधही केला. ज्याला विरोध केला, त्याच्या मोठेपणाची पारख विरोधकाला अधिक चांगली होते.

नेहरू आणि कोल्हापूर यांचा राजकीय संबंध स्वातंत्र्यापूर्वीचा आहे. फेब्रुवारी १९३९ मध्ये लुधियाना येथे अखिल भारतीय संस्थानी प्रजा परिषदेचे अधिवेशन भरले व त्याचे अध्यक्षस्थान नेहरूंकडे होते. संस्थानांतील प्रजेलाही ब्रिटिश हिंदुस्थानातील नागरिकांसारखेच हक्क मिळाले पाहिजेत, ही त्या चळवळीची भूमिका होती. त्याच महिन्यात, ६ फेब्रुवारी १९३९ रोजी, जयसिंगपूर येथे कोल्हापूर प्रजापरिषदेची स्थापना झाली. भाई माधवराव बागल व रत्नाप्पाण्णा कुंभार हे तिचे अग्रणी. पुढे रत्नाप्पाण्णा संविधान सभेचे सदस्य झाले आणि भारताच्या संविधानावर त्यांची स्वाक्षरी उमटली. ज्या माणसांनी कालपर्यंत संस्थानी अमलाविरुद्ध तुरुंगवास सोसला, ती माणसे नव्या राष्ट्राच्या मूलभूत कायद्याची सहकर्ती झाली.

त्या संविधानाने प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मताचा अधिकार दिला. बहुसंख्य प्रजा निरक्षर असताना असा अधिकार एकदम देऊ नये, टप्प्याटप्प्याने द्यावा, असे म्हणणारे जाणते लोक त्या काळी थोडे नव्हते. १९५१-५२ साली सतरा कोटींहून अधिक मतदारांची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. लोकसभेच्या ४८९ जागांपैकी ३६४ जागा काँग्रेसने जिंकल्या. देशभर नेहरूंच्या नावाचा असा प्रभाव असतानाही कोल्हापूरने आपले मन मोकळे ठेवले होते. या भागातून पहिल्या लोकसभेत जे सदस्य गेले, त्यांत शिक्षणक्षेत्रातील बाळासाहेब खर्डेकर हे अपक्ष होते. लोकप्रिय पंतप्रधानाच्या पक्षाला नकार देण्यात काही वावगे आहे असे मतदाराला वाटले नाही आणि तसे वाटावे अशी व्यवस्थाही कोणी केली नव्हती. नेहरूपर्वाचा हा पहिला संस्कार म्हणावा लागेल.

खरी कसोटी लागली ती भाषिक राज्याच्या प्रश्नावर. फाळणीच्या जखमा ताज्या असताना भाषेच्या आधारे राज्ये केल्यास देशाचे ऐक्य दुबळे होईल, अशी नेहरूंना भीती वाटत होती. ती भीती निराधार होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु लोकांच्या भाषेत लोकांचा कारभार चालावा, ही मागणीही तितकीच न्याय्य होती. न्यायमूर्ती फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली अहवाल दिला. त्यातील शिफारशींनी महाराष्ट्राचे समाधान झाले नाही. १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्रशासित राहील अशी घोषणा नेहरूंनी आकाशवाणीवरून केली, आणि मराठी मुलूख पेटून उठला. मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबार झाले. या लढ्यात शंभराहून अधिक माणसांनी प्राण गमावले. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी त्याच वर्षी मंत्रिपदाचा त्याग केला. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि कोल्हापूर जिल्हा तिच्या बालेकिल्ल्यांपैकी एक बनला. प्रजापरिषदेचे भाई माधवराव बागल आता समितीच्या व्यासपीठावरून नेहरूंच्या निर्णयाविरुद्ध बोलू लागले.

या प्रसंगी कोल्हापूरकरांच्या मनाची झालेली ओढाताण लक्षात घेण्याजोगी आहे. ज्याच्या हाकेला ओ देऊन बेचाळीसच्या लढ्यात उडी घेतली, त्याच्याच विरुद्ध घोषणा द्यावयाच्या होत्या. काँग्रेसमध्ये राहिलेल्यांची अवस्था याहून अवघड होती. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे माजी विद्यार्थी असलेले यशवंतराव चव्हाण यांनी संयुक्त महाराष्ट्रापेक्षा नेहरूंच्या नेतृत्वाला अधिक मान देणारी भूमिका घेतली व त्याबद्दल त्यांना कडवट टीका सहन करावी लागली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले व त्याचे मुख्यमंत्रिपद यशवंतरावांकडे आले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने समितीच्या पारड्यात भरभरून मते टाकली. खुद्द यशवंतराव कऱ्हाडमधून अल्प मताधिक्यानेच निवडून आले.

त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण नेहरूंच्या हस्ते झाले. त्या वेळी वाई व पसरणी घाटाच्या परिसरात समितीने काळी निशाणे घेऊन प्रचंड निदर्शने केली. पंतप्रधानांची मोटार त्या निशाणांमधून गेली. निदर्शने शांततेने पार पडली आणि समारंभही निर्विघ्नपणे झाला. विरोधकांनी आपला संयम सोडला नाही व पंतप्रधानांनी आपला मार्ग बदलला नाही.

या प्रसंगाला आणखी एक पदर होता. तुरुंगात असताना लिहिलेल्या जागतिक इतिहासाच्या ग्रंथात नेहरूंनी शिवाजी महाराजांविषयी केलेले काही उल्लेख महाराष्ट्राला मान्य झाले नव्हते. आक्षेप पुढे आल्यावर त्यांनी नंतरच्या आवृत्तीत त्या मजकुरात दुरुस्ती केली होती. लिहिलेले खोडण्याची ही तयारी त्यांच्या स्वभावाचा भाग होती. राज्याच्या प्रश्नावरही अखेरीस तेच घडले. मुंबई राज्याच्या मराठी भाषिक भागात द्वैभाषिकाला लोकांची संमती नाही, हे मतपेट्यांनी आणि काळ्या निशाणांनी दाखवून दिले होते. ते वास्तव यशवंतरावांनीही दिल्लीच्या कानी घातले. १९५९ साली काँग्रेसच्या अध्यक्षपदी असलेल्या श्रीमती इंदिरा गांधी यांनी पुनर्विचाराला चालना दिली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याचा जन्म झाला, आणि ज्यांनी या मागणीला वर्षानुवर्षे विरोध केला होता, त्याच नेहरूंच्या उपस्थितीत मुंबईच्या राजभवनात नव्या राज्याचे उद्‌घाटन झाले. १९६२ च्या निवडणुकीत याच महाराष्ट्राने विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसला दिल्या. निर्णय बदलल्याने सत्ताधाऱ्याचा मान उणावतो, ही समजूत किती फोल आहे याचा याहून बोलका पुरावा सापडणे कठीण.

नेहरूंच्या मोठेपणाचे मर्म केवळ त्यांच्या उदार स्वभावात शोधणे पुरेसे नाही. स्वभाव व्यक्तीबरोबर जातो. त्यांनी ज्या संस्थांना मान दिला, त्या टिकल्या. लोकसभेत ते नियमाने उपस्थित राहत आणि विरोधी सदस्यांची भाषणे ऐकत. १९५७ साली राजापूरमधून निवडून गेलेले बॅरिस्टर नाथ पै यांच्यासारखा तरुण विरोधी सदस्य त्याच सभागृहात नावारूपाला आला. मुंदडा प्रकरणात आयुर्विमा महामंडळाच्या गुंतवणुकीवर प्रश्न उपस्थित करणारे फिरोज गांधी हे पंतप्रधानांचे जामात व त्यांच्याच पक्षाचे सदस्य होते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छगला यांनी त्या प्रकरणाची उघड चौकशी केली आणि १९५८ साली अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानी यांनी लोकसभेच्या इतिहासातील पहिला अविश्वासाचा ठराव मांडला. ठरावाच्या बाजूने ६२ व विरुद्ध ३४७ मते पडली. ठराव फेटाळला जाणार हे आधीच ठाऊक होते, तरी त्यावर चर्चा झाली आणि पंतप्रधानांनी तिला उत्तर दिले.

या पर्वाच्या उणिवाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. १९५९ साली केरळमधील निवडून आलेले मंत्रिमंडळ बडतर्फ करण्यात आले. लोकमताचा आदर करणाऱ्या पंतप्रधानाच्या कारकिर्दीला तो निर्णय शोभला नाही. चीनच्या हेतूंचा अंदाज चुकला आणि १९६२ च्या पराभवाची किंमत हिमालयातील जवानांनी मोजली. त्या नोव्हेंबरातील एक योगायोग कोल्हापूरला विसरता येत नाही. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्‌घाटन झाले आणि अवघ्या काही दिवसांत यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीत रुजू झाले. एका बाजूला रणांगणावरील दारुण पराजय आणि दुसऱ्या बाजूला खेड्यापाड्यांतील मुलांसाठी उघडलेले ज्ञानाचे दार, अशी दोन्ही चित्रे एकाच सप्ताहातील आहेत. ज्याच्यावर पूर्वी टीका झाली तो महाराष्ट्राचा नेता राष्ट्राच्या संकटकाळी पंतप्रधानांना जवळचा वाटला, हेही त्याच सप्ताहाने दाखविले.

सर्वांत मोठी उणीव तर कोल्हापूरच्या उंबरठ्यावरच आहे. निपाणी व बेळगाव हे भाग पूर्वीच्या मुंबई राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते म्हैसूर राज्यात गेले. या गावांशी कोल्हापूरचे सोयरसंबंध, बाजारहाट आणि शाळा-कॉलेजचे नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे. सीमाभागातील मराठी माणसाने काळ्या निशाणांचा, सत्याग्रहाचा व मतपेटीचा तोच मार्ग अनुसरला, ज्या मार्गाने मुंबई महाराष्ट्राला मिळाली होती. त्याच्या पदरी मात्र ते यश पडले नाही. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल महाराष्ट्राने स्वीकारला नाही. २००४ साली राज्य शासनाने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. लोकमताचा मान राखण्याची जी रीत १९६० मध्ये एका प्रश्नापुरती पाळली गेली, ती दुसऱ्या प्रश्नाला लागू झाली नाही, हे शल्य सीमेवरच्या घराघरांत आहे. नेहरूपर्वाचा हिशेब मांडताना ही बाकी लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. उलट, त्या पर्वाच्या उत्तम परंपरेचा आधार घेऊनच ती बाकी मागता येते.

याच काळात ग्रामीण महाराष्ट्राचा चेहरामोहरा बदलला. वारणा व पंचगंगा या सहकारी साखर कारखान्यांनी उसाच्या शेतकऱ्याला कारखान्याचा मालक केले. १९५९ साली नागौर येथे नेहरूंच्या हस्ते पंचायत राज्याचा प्रारंभ झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या काम करू लागल्या. राजर्षी शाहू छत्रपतींनी हाती घेतलेले राधानगरीचे धरण स्वातंत्र्योत्तर काळात पूर्णत्वास गेले. शाहू महाराजांनी योजलेले काम लोकनियुक्त शासनाने तडीस नेले. एकाने आरंभ करावा, दुसऱ्याने पूर्ण करावे व लाभ तिसऱ्या पिढीने घ्यावा, हाच राज्यकारभाराचा धर्म आहे.

२७ मे १९६४ रोजी नेहरूंचे निधन झाले. नेहरूंनंतर कोण, हा प्रश्न कित्येक वर्षे जगभर विचारला जात होता. अनेक नवस्वतंत्र देशांत अशा वेळी लष्कराने सत्ता हाती घेतली होती. भारतात गुलझारीलाल नंदा यांनी काही दिवस धुरा सांभाळली आणि ९ जून रोजी लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. एवढ्या मोठ्या माणसाची जागा रिकामी झाली, तरी पुढच्या निवडणुका ठरल्या वेळी झाल्या. आपल्यावाचून चालू शकेल असे राज्य मागे ठेवणे, ही दीर्घकाळ सत्तेवर राहिलेल्या पुरुषाची सर्वांत अवघड कामगिरी असते.

श्रोतेहो, मोठ्या नेत्याची स्मृती दोन प्रकारांनी बिघडते. काही लोक त्याचा देव्हारा करतात, काही त्याला सर्व दोषांचा धनी ठरवितात. कोल्हापूरच्या जुन्या कार्यकर्त्यांनी यांपैकी काहीही केले नाही. त्यांनी नेहरूंच्या मोटारीसमोर काळी निशाणे धरली आणि नेहरूंच्याच उपस्थितीत जन्मलेल्या राज्याचे मनापासून स्वागत केले. विरोध करताना त्यांनी द्वेष केला नाही आणि स्वागत करताना ते लाचार झाले नाहीत. राजारामपुरीतील ज्या तरुणाला यापुढे मत द्यावयाचे आहे, प्रश्न विचारावयाचा आहे किंवा उद्या कदाचित सत्तेच्या खुर्चीवर बसावयाचे आहे, त्याने या वडीलधाऱ्यांकडून निशाण कसे धरावे हे शिकावे, आणि नेहरूंकडून ते पाहून निर्णय कसा बदलावा हे शिकावे.