दोनशेचा प्लग, अडीच हजारांची कॉइल

मी लष्कराच्या ईएमईमध्ये होतो. म्हणजे तोफा, ट्रक, जीप, जे काही बंद पडेल ते पुन्हा चालू करायचं खातं. निवृत्तीनंतर बडोद्यात राहतो. आज जी गोष्ट सांगणार आहे, तिच्यात चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

माझ्या युनिटमधले एक हवालदार, मूळचे साताऱ्याकडचे, इथेच स्थायिक झाले आणि सीएनजीवरची टॅक्सी चालवू लागले. गाडी हप्त्यावर घेतलेली. ती ४० हजार किलोमीटर झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "साहेब, सर्व्हिसवाला प्लग बदला म्हणतोय. बदलू का?" मी ऐटीत म्हणालो, "गाडी पळतेय ना? मग कशाला पैसे घालवता?"

हे उत्तर जोंगाच्या काळातलं होतं. जोंगा म्हणजे सहा सिलिंडरची पेट्रोल गाडी, जबलपूरला बनायची. सहा प्लगना मिळून एक कॉइल, मध्ये डिस्ट्रिब्युटर. प्लग काढायचा, मशीनवर वाळू मारून साफ करायचा, फीलर गेजने फट लावायची आणि परत बसवायचा. प्लग अगदीच गेला तरी गाडी कुरकुरत घरी आणायची. माझं सगळं शहाणपण तिथे तयार झालं होतं.

पुढच्या सहा-सात महिन्यांत त्यांच्या गाडीच्या दोन कॉइल गेल्या. आधी दुसऱ्या सिलिंडरची, मग तिसऱ्याची. एकेक २,३५० रुपयांची, मजुरी वेगळी. गाडी उभी राहिली ते दिवस वेगळे, आणि हप्ता काही थांबत नाही. नवी घातलेली दुसऱ्या सिलिंडरची कॉइल दोन महिन्यांत पुन्हा मेली, तेव्हा ते माझ्याकडे आले. तक्रार म्हणून नाही, सल्ला विचारायला. ते जास्त लागलं.

मी विचारलं, "झटके कधी मारते?" म्हणाले, "सीएनजीवर, चढाला. पेट्रोलवर टाकली की बरी चालते." मला इथेच थोडी शंका आली. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते. म्हणून ठिणगीचा अशक्तपणा आधी गॅसवर दिसतो, पेट्रोलवर काही दिवस झाकला जातो.

स्कॅनर लावला. कोड पी ०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. इंजिन बंद करून दुसरीची कॉइल चौथीवर घातली, चौथीची दुसरीवर. कोड पुसून गाडी फिरवली, तर आता पी ०३०४. तक्रार कॉइलबरोबर सरकली, म्हणजे कॉइल खरंच गेली होती. मेकॅनिक खोटं बोलत नव्हता. पण ती कशाने गेली हे कोणी विचारलं नव्हतं.

मग प्लग काढले. ६२ हजार किलोमीटर झालेले, गाडीबरोबर आलेले, साधे निकेलचे. मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा झिजून गोल झालेल्या, आणि फट पुस्तकातल्या आकड्याच्या जवळजवळ दीडपट.

आता ही फट कॉइलला कशी मारते, ते बघा. कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करते. पण ती दर वेळी ठरावीक व्होल्टेज देत नाही. फट ओलांडून ठिणगी पडेपर्यंत व्होल्टेज चढत राहतं आणि पडली की थांबतं. म्हणजे किती द्यायचं, हे प्लग ठरवतो. नवा प्लग साधारण १०-१५ हजारांत समाधानी असतो. झिजलेला २५-३० हजारांपर्यंत मागू शकतो, कारण फट मोठी आणि टोक बोथट. धारदार कडेवरून ठिणगी सहज सुटते; वीजवाहक तारेला टोक असतं, त्यामागेही हेच भौतिकशास्त्र आहे.

कॉइल बिचारी तेवढंही देते. पण आता ती प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर, इंजिनाच्या उष्णतेत बसलेली असते, आणि रोज वरच्या टोकाला काम करून आतलं इन्सुलेशन फुटतं. किंवा वीज सोपी वाट शोधते: रबरी बुटाला भोक पाडून, चिनीमातीवरून खाली थेट इंजिनाच्या अंगात. तिथे पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ उमटते. त्यांच्या दोन प्लगवर ती होती. अशा रेघेवर नवी कॉइल बसवली तर वीज पुन्हा त्याच वाटेने जाते. दोन महिन्यांत दुसरी कॉइल का मेली, याचं उत्तर माझ्या हातात होतं.

चार प्लग प्रत्येकी १९० रुपयांनी ७६० ला आले. कॉइलवर तिसरी धरून ७,०५० गेले. प्लगचे पैसे मी देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. "साहेब, मीही विचारून गप्प बसलो ना," म्हणाले.

तरी ते थोडक्यात वाचले. मिसफायर झाला की न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि त्याची आतली जाळी वितळू शकते. त्याचं बिल पाच आकडी. म्हणून इंजिनाचा पिवळा दिवा नुसता लागलेला असेल तर गॅरेज गाठा. लुकलुकत असेल तर वेग कमी करून बाजूला थांबा. "घरापर्यंत जाऊ दे" करू नका.

आणखी एक राग काढून घेतो. काही ठिकाणी इंजिन चालू ठेवून कॉइल उपसून बघतात, कोणता सिलिंडर मेलाय म्हणून. ठिणगीला जागाच नसेल तर व्होल्टेज शेवटपर्यंत चढतं. चांगली कॉइल जाते, कधी संगणकातला तिचा भागही. तसं करू देऊ नका. आणि इंजिनवर जोरात पाण्याचा फवाराही नको. पाणी प्लगच्या खळग्यात साठतं.

निकेलच्या प्लगना साधारण ३०-४० हजार किलोमीटर, इरिडियमला लाखापर्यंत सांगतात. पण तुमच्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तकातच बघा, आणि सीएनजी असेल तर त्याआधीच. बदलताना सगळे एकदम बदला. इंजिन थंड असू द्या, खळग्यातली धूळ आधी हवेने उडवा, आणि टॉर्क पाना वापरा. ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले तर आजचा सगळा हिशेब स्वस्त वाटेल.

हवालदारांनी एअर फिल्टरच्या झाकणावर आतून मार्करने किलोमीटरचा आकडा लिहून ठेवलाय. मागच्या महिन्यात तो आकडा आला, आणि या खेपेला त्यांनी मला न विचारताच प्लग बदलले.